मधल्या वर्षांची शाळा

शिक्षणाविषयी आपल्याकडे जे काही लिहिले आणि बोलले जाते, त्याचा पुष्कळसा भाग दोन टोकांशी घोटाळत राहतो. एका टोकाला जून महिन्यात नवे दप्तर पाठीला लावून पहिलीच्या वर्गात बसणारे मूल असते, आणि त्याच्या अक्षरओळखीची व पाढ्यांची चिंता सरकारी खात्यापासून वर्तमानपत्रांपर्यंत सर्वजण वाहतात. दुसऱ्या टोकाला महाविद्यालये, विद्यापीठे आणि वैद्यकीय-अभियांत्रिकी प्रवेशांची धांदल असते, आणि तिच्याकडे सुशिक्षित मध्यमवर्गाचे अवधान अखंड लागलेले असते. या दोन टोकांच्या मध्ये, मुलाचे वय अकरा-बारा वर्षांचे होते तेव्हापासून ते सतरा-अठरा वर्षांचे होईपर्यंत, जो काळ पसरलेला आहे, त्याचा विचार मात्र दहावीच्या निकालाच्या दिवशी टक्केवारीपुरता होतो आणि लगोलग मावळतो. वस्तुतः कोणत्याही देशाची शिक्षणव्यवस्था आपल्या मुलांपैकी कोणाला पुढे नेते आणि कोणाला वाटेत सोडते, याचा निवाडा याच मधल्या वर्षांत होत असतो. म्हणून माध्यमिक शिक्षण म्हणजे काय, ते जगात कसे वाढले आणि आमच्या नाशिक जिल्ह्यात त्याची उभारणी कोणी व कशी केली, हे जरा सावकाशीने पाहणे अगत्याचे आहे.

युनेस्कोने जगातील शिक्षणाच्या पायऱ्यांचे जे वर्गीकरण केले आहे, त्यात प्राथमिक शिक्षणानंतर निम्न माध्यमिक आणि उच्च माध्यमिक असे दोन टप्पे धरलेले आहेत. पहिल्या टप्प्यात एकाच गुरुजींच्या वर्गातून निघून मूल गणित, विज्ञान, भाषा, इतिहास अशा स्वतंत्र विषयांच्या स्वतंत्र शिक्षकांसमोर बसते. दुसऱ्या टप्प्यात ते कोणत्या वाटेने जाणार, विद्यापीठाकडे की कारखान्याकडे, की पुन्हा शेताकडे, हे ठरू लागते. ही रचना कागदावर सर्वत्र सारखी दिसत असली, तरी प्राथमिक आणि माध्यमिक शाळेत एक असा भेद आहे, की जो कोणत्याही अभ्यासक्रमाच्या पुस्तकात लिहिलेला नसतो. प्राथमिक शाळा मुलाच्या गावी येते. माध्यमिक शाळेकडे मुलाला जावे लागते. चार खोल्या आणि दोन शिक्षक एवढ्यावर वाडीवस्तीची शाळा चालते, परंतु प्रत्येक विषयाचा जाणकार, प्रयोगशाळा, ग्रंथालय आणि क्रीडांगण यांचा खर्च पेलण्यास पाच-दहा गावांची मुले एकत्र यावी लागतात. म्हणजे माध्यमिक शिक्षणाचा प्रश्न हा जितका बुद्धीचा आणि अभ्यासक्रमाचा आहे, तितकाच तो अंतराचा, मुक्कामाचा आणि दोन वेळच्या जेवणाचा आहे, आणि माझ्या मते या प्रश्नाची किल्ली याच गोष्टीत आहे.

महाराष्ट्रातील थोरांच्या चरित्रांकडे या दृष्टीने पाहावे. विनायक दामोदर सावरकर भगूरच्या मराठी शाळेत शिकले, पण इंग्रजी शिक्षणासाठी त्यांना घर सोडून काही कोसांवरच्या नाशकात येऊन राहावे लागले, आणि तेथूनच ते १९०१ साली मॅट्रिक झाले. विष्णु वामन शिरवाडकर, म्हणजे पुढचे कुसुमाग्रज, यांचे प्राथमिक शिक्षण पिंपळगाव बसवंतला झाले, परंतु हायस्कूलसाठी त्यांनाही नाशिकच गाठावे लागले. ज्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये ते शिकले तेच आजचे रुंगटा हायस्कूल होय. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे विद्यार्थिजीवन साताऱ्याच्या सरकारी शाळेतून मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलापर्यंत कुटुंबाच्या स्थलांतराबरोबर सरकत गेले, आणि १९०७ साली ते मॅट्रिक झाले तेव्हा अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील मुलाने ती परीक्षा उत्तीर्ण होणे ही सत्कार करण्याजोगी घटना ठरली. या तिघांच्या मागे कोणाचे ना कोणाचे घर, बिऱ्हाड वा आधार होता. ज्यांच्यामागे तसा आधार नव्हता, अशी त्याच गावांतील, त्याच बुद्धीची किती मुले गावच्या शाळेच्या शेवटच्या इयत्तेशी थांबली असतील, याची नोंद कोणत्याही दप्तरात नाही.

इंग्रजी अमदानीत ही थांबण्याची जागा व्यवस्थेनेच आखून ठेवलेली होती. मराठी चौथीनंतर मुलापुढे दोन वाटा फुटत. एक वाट मराठी सातवीपर्यंत जाई, तिच्या शेवटी व्हर्नाक्युलर फायनलची परीक्षा असे, आणि ती उत्तीर्ण झालेला मुलगा प्राथमिक शिक्षक, तलाठी किंवा कारकून होई. दुसरी वाट इंग्रजी पहिलीपासून इंग्रजी सातवीपर्यंत, म्हणजे मॅट्रिकपर्यंत जाई, आणि तिच्या शेवटी मुंबई विद्यापीठाचे दार असे. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले, त्याची पहिली प्रवेशपरीक्षा १८५९ साली झाली, आणि महादेव गोविंद रानडे हे त्या पहिल्या तुकडीतील एक होते. तेव्हापासून जवळजवळ नव्वद वर्षे हायस्कुलांनी काय शिकवावे हे विद्यापीठाने ठरविले, कारण हायस्कूलचे सारे श्रेय मॅट्रिकच्या यादीत किती नावे झळकली यावर मोजले जाई. जी शाळा बहुसंख्यांच्या आयुष्यातील अखेरची शाळा असावयाची, ती अशा रीतीने मूठभरांच्या पुढील शाळेची देवडी होऊन बसली.

दहाव्या-अकराव्या वर्षीच मुलांची अशी विभागणी करण्याची रीत आमच्याच देशाची होती असे नाही. जर्मनीत चार वर्षांच्या प्राथमिक शिक्षणानंतर मुलांना निरनिराळ्या प्रकारच्या शाळांत पाठविण्याची प्रथा बहुतेक प्रांतांत अद्याप टिकून आहे. इंग्लंडने १९४४ च्या बटलर कायद्याने सर्वांना माध्यमिक शिक्षण मोफत केले, ही त्या राष्ट्राच्या इतिहासातील मोठी गोष्ट खरी. परंतु अकराव्या वर्षीच्या एका परीक्षेने हुशार ठरलेली मुले ग्रामर स्कूलमध्ये आणि उरलेली बहुसंख्य मुले सेकंडरी मॉडर्न नावाच्या शाळांत, अशी जी वाटणी त्या कायद्यापाठोपाठ रूढ झाली, तिने कामकऱ्यांच्या असंख्य मुलांच्या कपाळी कोवळ्या वयातच नापासाचा शिक्का मारला, आणि अखेर १९६५ साली तेथील सरकारने सर्वांसाठी एकत्र शाळा स्थापन करण्याची दिशा धरली. फिनलंडने १९७० च्या दशकात हीच विभागणी मोडून नऊ वर्षांची एकसंध शाळा उभारली, आणि तिचा आरंभ राजधानीपासून न करता उत्तरेकडील विरळ वस्तीच्या लॅपलंडपासून केला. जपानने १९४७ साली सहा वर्षांच्या प्राथमिक शिक्षणावर तीन वर्षांचे निम्न माध्यमिक शिक्षण सक्तीचे केले. देश निराळे, कारणे निराळी. पण विसाव्या शतकाने या सर्वांना एकच धडा शिकविला, की मुलाची वाट जितकी लवकर ठरवावी तितकी ती त्याच्या बापाच्या ऐपतीवरून ठरते.

माध्यमिक शाळेचा खर्च कोणी करावा, हा वाद तर आणखी जुना आहे, आणि त्यात दोन दूरदूरच्या मुलुखांतील दोन प्रसंग एकमेकांशेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. अमेरिकेतील मिशिगन राज्यात कॅलमझू या गावच्या काही करदात्यांनी तक्रार केली, की सार्वजनिक करातून प्राथमिक शाळा चालवाव्यात हे योग्य, परंतु हायस्कूल ही थोड्यांची चैन असून तिच्यासाठी सर्वांकडून कर वसूल करण्याचा अधिकार गावाला नाही. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १८७४ साली ती तक्रार फेटाळली, आणि करातून हायस्कूल चालविण्याचा मार्ग मोकळा केला. त्यानंतर आठच वर्षांनी, १८८२ साली, जोतीराव फुल्यांनी शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे निवेदन ठेवले. रयतेच्या घामातून उभा राहिलेला महसूल वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो आणि ज्यांच्यापासून तो वसूल होतो त्यांची मुले अक्षरशून्य राहतात, असे त्यांचे गाऱ्हाणे होते, आणि निदान बाराव्या वर्षापर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे अशी त्यांची मागणी होती. वरवर पाहता फुले आणि कॅलमझूचे करदाते एकाच बाजूचे भासतात. परंतु ते तसे नाही. करदात्यांना शिडीची वरची पायरी नको होती. फुल्यांना खालची पायरी नसलेली शिडी नको होती. जेथे सर्वांची मुले खालची पायरी चढलेली होती, तेथे वरच्या पायरीचा खर्च सर्वांनी उचलणे न्याय्य ठरले. जेथे तसे नव्हते, तेथे तोच खर्च अन्याय झाला.

हंटर आयोगाने प्राथमिक शिक्षण स्थानिक स्वराज्य संस्थांकडे सोपवावे आणि माध्यमिक शिक्षणातून सरकारने हळूहळू अंग काढून घेऊन ते अनुदानाच्या आधारे खासगी प्रयत्नांवर सोडावे, असा अभिप्राय दिला. अनुदानाची पद्धत १८५४ च्या वुडच्या खलित्याने आधीच घालून दिलेली होती. या धोरणाचा परिणाम महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनावर फार खोल झाला, कारण सरकारने मोकळी सोडलेली ही जागा शिक्षणसंस्थांनी व्यापली. चिपळूणकर, टिळक, आगरकर व नामजोशी यांनी १८८० साली पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल काढले ते आयोगाच्या आधीच, पण याच वाऱ्यात, आणि पुढे जिल्ह्याजिल्ह्यांत ज्या 'संस्था' जन्मास आल्या त्याही याच मोकळ्या जागेत. प्राथमिक शाळा जिल्हा परिषदेची आणि हायस्कूल संस्थेचे, ही जी विभागणी आज मराठी माणसाला स्वयंसिद्ध वाटते, तिचे मूळ येथे आहे.

तथापि शाळा निघाली म्हणजे सर्वांना शिक्षण मिळाले असे होत नाही. एकोणिसाव्या शतकात परगावाहून आलेला गरीब ब्राह्मण विद्यार्थी माधुकरी मागून किंवा वार लावून जेवत असे. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, असे आठवड्याचे सात वार लागले की त्याच्या पोटाची तजवीज होई, आणि रात्री एखाद्या ओसरीवर पथारी टाकून तो अभ्यास करी. या कष्टांचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु ही सोय जातीच्या कुंपणाच्या आतली होती. कुणब्याच्या, माळ्याच्या, धनगराच्या मुलाला नाशकातल्या त्या घरांत वार कोण देणार, आणि महाराच्या मुलाला ओसरीवर पाय तरी कोण ठेवू देणार? तेव्हा बहुजनांच्या मुलापुढे हायस्कूलचे दार जरी उघडे असले, तरी त्या दारापर्यंत पोहोचून रात्री कोठे निजावे आणि सकाळी काय खावे, या प्रश्नाला उत्तर नव्हते. ते उत्तर वसतिगृहाने दिले, आणि म्हणून महाराष्ट्रातील माध्यमिक शिक्षणाचा खरा इतिहास मी शाळांच्या इमारतींपेक्षा बोर्डिंगांच्या इमारतींत शोधतो.

या कार्याचा पाया राजर्षी शाहू छत्रपतींनी घातला. १९०१ साली कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले, आणि त्यानंतरच्या वर्षांत जैन, मुसलमान, लिंगायत, अस्पृश्य अशा निरनिराळ्या समाजांच्या विद्यार्थ्यांसाठी त्या एका शहरात वसतिगृहांची रांग उभी राहिली. त्याच प्रेरणेतून नाशिकमध्ये १९१४ साली मराठा विद्या प्रसारक समाजाची स्थापना झाली. रावसाहेब थोरात, गणपतदादा मोरे, काकासाहेब वाघ, अण्णासाहेब मुरकुटे, भाऊसाहेब हिरे ही या संस्थेच्या उभारणीतील नावे जिल्ह्याच्या खेड्यापाड्यांत आजही आदराने घेतली जातात. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की या मंडळींनी कार्याचा आरंभ हायस्कूलने केला नाही, वसतिगृहाने केला. धारच्या उदाजीराव पवार महाराजांच्या नावाचे उदोजी मराठा बोर्डिंग उभे राहिले, आणि त्याच्या इमारतीच्या कोनशिलेसाठी १९२० साली स्वतः शाहू महाराज नाशिकला आले. पुढे याच संस्थेची हायस्कुले तालुक्यातालुक्यांत पसरली, महाविद्यालये निघाली, आणि बहुजनांच्या हिताचे आणि सुखाचे ब्रीद मिरविणारी ही संस्था राज्यातील मोठ्या शिक्षणसंस्थांत गणली जाऊ लागली. परंतु या वटवृक्षाचे मूळ परगावच्या मुलाला दिलेल्या एका निजण्याच्या जागेत आहे, हे विसरता कामा नये.

नाशिकचे भाग्य असे, की त्या काळापासून पुढे निरनिराळ्या विचारांच्या माणसांनी या एका जिल्ह्यात आपापल्या परीने शिक्षणाचे काम आरंभिले. गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या स्मरणार्थ प्राचार्य टी. ए. कुलकर्णी यांनी १९१८ साली गोखले एज्युकेशन सोसायटी स्थापन केली, आणि तिने १९२४ साली नाशकात काढलेले हंसराज प्रागजी ठाकरसी महाविद्यालय हे उत्तर महाराष्ट्रातील हायस्कुलांतून बाहेर पडणाऱ्या मुलांचे पुढले पाऊल झाले. दलित विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या कामात दादासाहेब गायकवाडांनी लक्ष घातले. १९३० साली काळाराम मंदिराच्या सत्याग्रहात जो समाज मंदिराच्या दारात उभा राहिला, त्याचीच मुले शाळेच्या दारातही उभी होती, आणि या दोन दारांचा झगडा वस्तुतः एकच होता. डॉ. मुंजे यांनी १९३७ साली भोसला मिलिटरी स्कूल उभारले. त्याच वर्षी दादासाहेब बिडकरांच्या डांग सेवा मंडळाने आदिवासी मुलांसाठी काम सुरू केले. मालेगावात उर्दू माध्यमाच्या माध्यमिक शाळांची स्वतंत्र परंपरा वाढली, आणि १९५२ साली भाऊसाहेब हिरे यांनी तेथे महात्मा गांधी विद्यामंदिराची स्थापना केली. ही सारी मंडळी एकमेकांशी सहमत होती असे मुळीच नाही. पण आपल्या लोकांना वर यावयाचे तर हायस्कूल पाहिजे, यावर त्यांचे एकमत होते.

आपल्यासारखीच कथा केनियात घडली. १९६३ साली स्वातंत्र्य मिळाल्यानंतर सरकारी हायस्कुले थोडी आणि प्राथमिक शाळांतून बाहेर पडणारी मुले फार, अशी अवस्था होताच तेथील गावकऱ्यांनी वर्गणी काढून, स्वतःच्या हातांनी भिंती उभारून 'हरांबी' शाळा काढल्या. हरांबी म्हणजे सारे मिळून ओढूया. सरकारी मदत तेथे मागाहून आली. साताऱ्यात भाऊराव पाटलांनी कमवा आणि शिका या तत्त्वावर जे महाराजा सयाजीराव हायस्कूल १९४० साली उभे केले, त्याची जातकुळी हीच. उलटपक्षी अमेरिकेत हे काम गावाच्या करातून झाले, म्हणून त्याचा वेगही विलक्षण होता: १९१० साली त्या देशातील तरुणांपैकी दहातला एकही धडपणे हायस्कूल पुरे करीत नव्हता, आणि १९४० पर्यंत निम्म्यांच्या हाती हायस्कूलचे प्रमाणपत्र आले. लोकांच्या उत्साहाने शाळा निघते. पण ती प्रत्येक मुलापर्यंत पोहोचावयाची तर सार्वजनिक तिजोरीच लागते, हा या दोन उदाहरणांचा निष्कर्ष आहे.

स्वातंत्र्यानंतर आपल्याकडेही तिजोरीने हात पुढे केला. मॅट्रिकची सत्ता विद्यापीठाकडून काढून १९४८ च्या कायद्याने स्वतंत्र मंडळाकडे देण्यात आली आणि १९४९ साली पहिली शालान्त परीक्षा झाली; माध्यमिक शिक्षण हे स्वतःच्या पायावर उभे राहणारे शिक्षण आहे, याची ती पहिली कबुली होती. डॉ. लक्ष्मणस्वामी मुदलियार यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने १९५२-५३ साली बहुउद्देशीय शाळांची कल्पना मांडली, म्हणजे एकाच छपराखाली शेती, तंत्रविद्या, वाणिज्य आणि वाङ्मय शिकविले जावे. यशवंतराव चव्हाणांच्या कारकिर्दीत आर्थिकदृष्ट्या मागास कुटुंबांतील मुलांना फी माफ करणारी ई.बी.सी. सवलत आली, आणि शेतकऱ्यांच्या व कष्टकऱ्यांच्या घरांतून पदवीधरांची पहिली पिढी जी निघाली तिच्यामागे या सवलतीचे मोठे बळ होते. कोठारी आयोगाच्या शिफारशींप्रमाणे दहा अधिक दोनची रचना येऊन १९७५ साली दहावीची पहिली शालान्त परीक्षा झाली. खासगी शाळांतील शिक्षकांच्या सेवेला १९७७ च्या कायद्याने संरक्षण मिळाले. मुलींचे शिक्षण बारावीपर्यंत मोफत झाले. अहिल्याबाई होळकर योजनेखाली खेड्यातील विद्यार्थिनींना एस.टी.चा मोफत पास मिळू लागला, आणि मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या बसगाड्या सकाळी मुलींना घेऊन शाळेच्या गावी येऊ लागल्या. शिक्षणतज्ज्ञांच्या ग्रंथांत या बसगाडीला अध्याय मिळत नाही. परंतु ज्या गावात बस वेळेवर येते त्या गावातील मुलगी दहावी होते, हे तालुक्यातील कोणताही मुख्याध्यापक सांगेल.

इतके सारे होऊनही एक जुनी भेग बुजलेली नाही. शिक्षणहक्काचा कायदा २००९ साली झाला आणि तो ६ ते १४ वर्षे वयाच्या, म्हणजे आठवीपर्यंतच्या मुलांना लागू आहे. मूल आठवी उत्तीर्ण होते त्या दिवशी काय काय संपते, ते पाहावे. कायद्याने दिलेला हक्क संपतो. मोफत मिळणारी पाठ्यपुस्तके संपतात. दुपारचा शालेय पोषण आहार संपतो. पुष्कळ गावांत जिल्हा परिषदेची शाळाही तेथेच संपते, आणि नववीसाठी मुलाला दुसऱ्या गावच्या संस्थेच्या हायस्कुलात नाव घालावे लागते. म्हणजे ज्या वर्षी अभ्यास कठीण होतो, अंतर वाढते, मूल घरच्या कामाला उपयोगी पडू लागते आणि मुलीच्या लग्नाची कुजबुज सुरू होते, नेमक्या त्याच वर्षी व्यवस्था आपला हात काढून घेते. त्यातच दहावीच्या निकालाची शंभर टक्क्यांची पाटी शाळेच्या फाटकावर लावता यावी म्हणून कच्च्या मुलांना नववीतच थांबविण्याची किंवा १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसण्याचा सल्ला देण्याची रीत काही ठिकाणी रुजलेली आहे. शाळेचा निकाल त्यामुळे उजळतो. त्या मुलाचे काय झाले, ते निकालपत्रकात दिसत नाही.

ते दिसते जनरल रजिस्टरात. प्रत्येक शाळेच्या कचेरीत लोखंडी कपाटात जपून ठेवलेले हे जाडजूड रजिस्टर म्हणजे गावाची एक प्रकारची बखरच होय. अनुक्रमांक, विद्यार्थ्याचे नाव, आईचे नाव, जात, जन्मस्थळ, जन्मतारीख अंकी व अक्षरी, पूर्वीची शाळा, प्रवेशाची तारीख, प्रगती, वर्तणूक अशा रकान्यांतून ओळ उजवीकडे सरकत जाते आणि अखेरीस शाळा सोडल्याचे कारण या रकान्याशी पोहोचते. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर उतरते ते येथूनच. पुढील शिक्षणासाठी, असे तेथे लिहिलेले असले म्हणजे मनाला बरे वाटते. पालकांच्या विनंतीवरून, असे असले म्हणजे त्या दोन शब्दांच्या आड स्थलांतर, लग्न, आजारपण किंवा कर्ज यांपैकी काय दडले आहे हे कळावयास मार्ग नसतो. आणि सतत गैरहजर, एवढेच लिहिलेले असले म्हणजे कोणी विचारपूसही केली नसावी अशी शंका येते. जिल्ह्याच्या शिक्षणाचा अहवाल लिहिणाऱ्याने निकालाच्या टक्केवारीआधी या रकान्याचे वाचन करावे, असे मला मनापासून वाटते.

नाशिक जिल्ह्यात सतत गैरहजर या शब्दांना ऋतूही असतो. पावसाळा संपला की सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर या डोंगरी तालुक्यांतील आदिवासी कुटुंबे दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांकडे उतरू लागतात. ऑक्टोबरची छाटणी, मग वेलीच्या डोळ्यांना लावावयाची औषधे, फुटवे काढणे, घडांची विरळणी, आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी काढणी, असा हा हंगाम चालतो, आणि त्याच्या ऐन भरात फेब्रुवारी-मार्च महिन्यांत शालान्त परीक्षा येते. ज्या द्राक्षांची पेटी परदेशी बाजारात जाऊन जिल्ह्याला संपत्ती मिळवून देते, त्याच द्राक्षांच्या मांडवाखाली नववी-दहावीचे मूल आईबापांबरोबर कामास लागते किंवा धाकट्या भावंडांना सांभाळीत बसते. बागाईतदार दुष्ट आहे किंवा आईबाप अजाण आहेत, असे म्हणून हा प्रश्न सुटत नाही. गावी म्हाताऱ्यांखेरीज कोणी उरलेले नसताना मुलाला मागे ठेवावयाचे ते कोणाच्या भरवशावर, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे. या प्रश्नाचे उत्तर पुन्हा तेच आहे, जे १९१४ साली नाशकात सापडले होते: निजण्याची जागा, दोन वेळचे जेवण आणि लक्ष ठेवणारे वडीलधारे माणूस. महाराष्ट्रात शासकीय आणि अनुदानित मिळून हजाराहून अधिक आश्रमशाळा याच तत्त्वावर चालतात, आणि त्यांचा कारभार पाहणारे आदिवासी विकास आयुक्तालय नाशकातच आहे. आश्रमशाळांतील उणिवांची चर्चा अवश्य व्हावी, आणि विज्ञान-गणिताचे शिक्षक, स्वच्छ पाणी, मुलींची सुरक्षितता यांबाबत कठोर हिशेब मागितला जावा. परंतु ही कल्पनाच जुनाट झाली असे जे म्हणतात, त्यांनी सुरगाण्याच्या मुलीसाठी दुसरी कोणती वाट आहे ते सांगावे.

माध्यमिक शिक्षणाचे दुसरे अंग हाताच्या कौशल्याचे आहे, आणि तेथे आपण अधिक मागे आहोत. जर्मनीत सोळा-सतरा वर्षांचा तरुण आठवड्याचे काही दिवस कारखान्यात उमेदवारी करतो आणि उरलेले दिवस व्यवसायशाळेत जातो. त्याच्या विद्येला समाजात मान आहे आणि तिच्या अखेरीस नोकरीची वाट आहे. नाशकात सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहती आहेत, ओझरला विमानांचा कारखाना आहे, नाशिकरोडला नोटांचा आणि मुद्रांकांचा छापखाना आहे. तरीही हायस्कूलच्या मुलाला यंत्राची ओळख पुस्तकातील आकृतीवरूनच होते, आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत जाणे म्हणजे दहावीत कमी गुण मिळाल्याची शिक्षा, असा समज घरोघर आहे. हाताच्या कौशल्याला शाळेत स्थान द्यावे, ही मुदलियार आणि कोठारी या दोन्ही आयोगांनी सांगितलेली गोष्ट २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही सांगितली आहे. त्या धोरणाने नववी ते बारावी हा एक सलग टप्पा मानला आणि २०३० पर्यंत सर्व मुले शाळेत असावीत असे उद्दिष्ट ठेवले. संयुक्त राष्ट्रांनीही त्याच वर्षापर्यंत प्रत्येक मुलामुलीचे माध्यमिक शिक्षण मोफत पूर्ण व्हावे असा संकल्प केलेला आहे. जगात आज २५ कोटींहून अधिक मुले शाळेबाहेर आहेत आणि त्यांतील मोठा भाग माध्यमिक वयाचा आहे, हे लक्षात घेतले म्हणजे या संकल्पाचे ओझे कळते.

ज्यांची मधली वर्षे अशी मोडली, त्यांच्यासाठी आमच्याच शहरात एक मोठे दार उघडलेले आहे. १९८९ साली स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने शाळा सुटलेल्या प्रौढांना पूर्वतयारीच्या मार्गाने पदवीपर्यंत जाण्याची सोय केली, आणि गृहिणी, कामगार, पोलीस शिपाई, शेतकरी अशा कितीतरी जणांनी पंचविशी-तिशीनंतर पुन्हा पुस्तक हाती घेतले. हे कार्य थोर आहे यात संशय नाही. परंतु पंधराव्या वर्षी गमावलेले तिसाव्या वर्षी मिळविण्यासाठी माणसाला जी दुप्पट किंमत मोजावी लागते, ती मोजण्याची पाळी कोणावर येऊ न देणे हेच शिक्षणव्यवस्थेचे पहिले कर्तव्य होय.

तेव्हा मागणी स्पष्ट आहे. शिक्षणाचा हक्क चौदाव्या वर्षी न थांबता अठराव्या वर्षापर्यंत जावा. पोषण आहार आणि पाठ्यपुस्तके दहावीपर्यंत तरी पोहोचावीत. वसतिगृह, बस आणि हंगामी मुक्काम यांचा खर्च ही सवलत न मानता शिक्षकाच्या पगाराइतकाच शिक्षणाचा मूळ खर्च मानला जावा. आणि दहावीचा निकाल जाहीर करताना परीक्षेला बसलेल्यांपैकी किती उत्तीर्ण झाले एवढ्यावर न थांबता, दहा वर्षांपूर्वी पहिलीत दाखल झालेल्यांपैकी किती परीक्षेला बसले, हा आकडाही तालुकावार जाहीर व्हावा. शंभर वर्षांपूर्वी वर्गणीवर आणि धान्याच्या पोत्यांवर बोर्डिंगे चालविणाऱ्या माणसांपाशी आजच्या सरकारच्या शतांशही साधने नव्हती. त्यांच्यापाशी प्रश्नाचे अचूक निदान होते. ते निदान आपल्याला आयते मिळालेले आहे, साधनेही आहेत. उरली आहे ती केवळ आठवी आणि दहावी यांच्या मधल्या मुलाची जबाबदारी आपली आहे असे मानण्याची तयारी, आणि ती जिल्ह्यातील प्रत्येक संस्थाचालकाने, लोकप्रतिनिधीने आणि पालकाने दाखवावी, एवढेच मागणे आहे.